मराठीची प्राध्यापकी आणि कवितेची वही : मराठवाड्यातल्या नव्या उमेदवारांसाठी

एमएचा निकाल लागला की फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेले असतात. "सर, आधी सेट करू का पीएचडीला नंबर लावू?" आणि जरा घुटमळून, "माझ्या कविता दिवाळी अंकात आल्यात, त्याचे मार्क धरतात का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. धरत नाहीत. सहायक प्राध्यापकाच्या भरतीत उमेदवारांची छाननी ज्या तक्त्यावर होते, त्यात कवितेचा रकाना नाही. तुमचा संग्रह कितीही गाजलेला असो, पदवीचे टक्के आणि सेटचं, म्हणजे प्राध्यापकीच्या राज्य पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्र जिथं मोजतात तिथं तो बाजूलाच पडतो. हे कळल्यावर काहीजण हिरमुसतात. मला मात्र ही सोय वाटते. नोकरीच्या फायलीशी कवितेचा संबंध नसेल, तर ती कुणाला खूश करण्यासाठी लिहावी लागत नाही. फाईल नीट करा, म्हणजे वही मोकळी राहते. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

मराठवाड्यात मराठी शिकवत कविता लिहिणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. फ. मुं. शिंदे, इंद्रजित भालेराव, दासू वैद्य ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. फमुं तर २०१४ साली सासवडच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण त्यांच्या वेळची भरती आणि आजची भरती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून ज्येष्ठांकडून कविता शिका, भरतीची माहिती मात्र ताज्या जाहिरातीतून घ्या.

१. आधी आपला इलाखा ओळखा

मराठवाड्यातली कला शाखेची कॉलेजं दोन विद्यापीठांत वाटलेली आहेत. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालचं. त्याच्याकडं छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालचं. त्याच्याकडं नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली. अंबाजोगाईचा मुलगा लातूरला शिकत असतो आणि त्याला वाटतं सगळं एकच आहे. तसं नाही. पीएचडीची नोंदणी, तासिका तत्त्वावरच्या (तासागणिक पैशांच्या) नेमणुकीची मान्यता, जाहिरातीची मंजुरी हे सगळं त्या-त्या विद्यापीठातून होतं. पगाराचा कागद उच्च शिक्षण सहसंचालकांकडं जातो. तीही कार्यालयं दोन आहेत, एक संभाजीनगरला आणि एक नांदेडला.

मग कॉलेजचा प्रकार. अनुदानित कॉलेजातल्या मान्य पदाचा पगार शासन देतं. विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित असेल तर पगार संस्था देईल तेवढा आणि देईल तेव्हा. एकाच इमारतीत तळमजल्यावर अनुदानित कला शाखा आणि वरच्या मजल्यावर विनाअनुदानित एमए असंही असतं. तुमची नेमणूक नेमकी कुठल्या मजल्यावर आहे, ते पहिल्याच दिवशी विचारा. "आता लागा, पुढं अनुदान येईल" हे वाक्य ऐकून केस पांढरे झालेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतील.

२. पात्रता : सेट, नेट, पीएचडी

एमएला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेअर) आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. ५४.६ टक्के म्हणजे ५५ नव्हेत, ते कुणी धरून घेत नाही. कमी पडत असतील तर श्रेणीसुधारची परीक्षा आताच द्या, पुढं विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला की वांधे होतात.

सेट आणि नेट यांत फरक आहे. सेट आपल्याकडं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र-गोव्यापुरती चालते. नेट देशभर चालते आणि वर्षातून दोनदा होते. दोन्हींत पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा आणि दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. वेळ सलग तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

आपली मुलं पहिल्या पेपरात मार खातात. मराठीचा अभ्यास दांडगा असतो, पण तक्ता वाचून टक्केवारी काढा म्हटलं की हात गारठतो. दिवसाचा एक तास फक्त पहिल्या पेपराला द्या आणि मागच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. विषयाच्या पेपरात महानुभाव आणि वारकरी वाङ्मय, भाषाविज्ञान, साहित्यशास्त्र हे विभाग गुण देणारे आहेत, आणि कवी मंडळी नेमके हेच टाळतात. आधुनिक कवितेवरच्या प्रेमावर सेट निघत नाही.

नेटमध्ये वरचे गुण पडले तर जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळते. २०२३पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. खुल्या वर्गाला कमाल वय ३०, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना सवलत. तेव्हा वय बाकी असेल तर सेटवर समाधान मानू नका, नेटलाही बसत राहा.

पीएचडीबद्दल गैरसमज फार आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट पुरते, पीएचडी सक्तीची नाही. मात्र सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ती लागतेच, आणि छाननीत तिचे गुण जड आहेत. नियमाप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. मार्गदर्शक निवडताना त्यांचं नाव किती मोठं हे बघू नका. त्यांच्याकडं जागा रिकामी आहे का, ते निवृत्त कधी होणार आणि त्यांच्या हाताखालच्या किती जणांचे प्रबंध प्रत्यक्षात सादर झाले, हे बघा. ही माहिती मार्गदर्शकांकडून मिळत नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना चहाला घेऊन जा.

नोंदणी झाली की लगेच शिष्यवृत्तीचं बघा. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या शासकीय संस्था आपापल्या गटातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. अर्जाची मुदत उलटून गेल्यावर आलेले फोन मी बरेच घेतलेत.

विषयाची एक सूचना. आपल्याच गावचं सोडून लांब जाऊ नका. अंबाजोगाईत मुकुंदराज आणि दासोपंत, गंगाखेडला जनाबाई, नर्सीला नामदेव, पैठणला एकनाथ. शिवाय मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात रुजलेली दलित साहित्याची चळवळ आणि गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' नियतकालिक. एसटीच्या अंतरावर इतकं साहित्य असताना "साठोत्तरी कवितेतील आशय आणि अभिव्यक्ती" असला ढोबळ विषय घेऊन कशाला बसायचं?

३. गुणांचा हिशेब आजच मांडा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत कॉलेजसाठी शंभर गुणांचा छाननी तक्ता आहे. पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तरला २५, एमफिल-पीएचडी मिळून २५, जेआरएफ-नेट-सेटला १०, शोधनिबंधांना ६, अध्यापनाच्या अनुभवाला १० आणि पुरस्कारांना ३.

समजा बीएला ६२ टक्के आहेत, १९ गुण. एमएला ६४, म्हणजे २३. सेटचे ५. नेट असती तर ८, जेआरएफ असती तर १०. शोधनिबंध दोन, त्याचे ४. तासिकेची तीन वर्षं धरली गेली तर ६. बेरीज ५७. पीएचडी झाली की थेट ८२. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की "आधी काय करू" हा प्रश्न निम्मा सुटतो.

पुरस्काराच्या तीन गुणांत कवीला एक फट दिसते. राज्य शासनाच्या पुरस्काराला दोन गुण आहेत आणि शासनाचे वाङ्मय पुरस्कार कवितासंग्रहालाही मिळतात. दावा करून बघायला हरकत नाही, ग्राह्य धरणं समितीच्या हातात. गल्लीतल्या प्रतिष्ठानच्या 'राज्यस्तरीय काव्यरत्न'ला शून्य.

शोधनिबंधांत मोठा सापळा आहे. दोन-तीन हजार रुपये भरले की आठवड्यात लेख छापून देणारी मासिकं आपल्या व्हॉट्सॲपवर रोज येतात. पूर्वी आयोगाच्या 'यूजीसी केअर' या मान्य नियतकालिकांच्या यादीत नाव बघून खात्री करता यायची. ती यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळं पारख आता तुम्हालाच करायची आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, लेख कुणी तपासून दुरुस्त्यांसाठी परत पाठवला का, एकाच अंकात मराठी कवितेशेजारी मत्स्यपालन आणि हिशेबशास्त्र कोंबलंय का, एवढं बघितलं तरी खूप कळतं.

४. कागदांची फाईल

हे सगळं एका जागी, मूळ आणि दोन साक्षांकित संच, शिवाय मोबाइलमध्ये स्कॅन:

- दहावीपासून एमएपर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं
- सेट किंवा नेटचं प्रमाणपत्र
- पीएचडीची अधिसूचना, आणि ती आयोगाच्या नियमांनुसार झाल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, मुदतीतलं नॉन-क्रीमी लेअर
- अधिवास प्रमाणपत्र
- तासिकेचे नेमणूक आदेश आणि प्रत्येक वर्षाचं विद्यापीठ मान्यतेचं पत्र
- शोधनिबंधांच्या प्रती, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेसह
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत
- सध्या नोकरीत असाल तर ना-हरकत

यातल्या दोन कागदांवर माणसं अडकतात. एक म्हणजे जात वैधता, मुलाखत ठरल्यावर पळून ती मिळत नसते. दुसरं विद्यापीठ मान्यतेचं पत्र. प्राचार्यांच्या सहीचा "उत्तम अध्यापन केले" असा दाखला छान दिसतो, पण मान्यतेचं पत्र जोडलेलं नसेल तर छाननीत ते वर्ष उडतं. दरवर्षी कार्यालयीन अधीक्षकांच्या मागं लागून ते पत्र घ्या. "येऊन जाईल" म्हणतील. येत नाही, आणावं लागतं.

५. तासिका तत्त्वाचे दिवस

जवळजवळ सगळ्यांना यातून जावं लागतं, म्हणून इथं जरा थांबतो.

तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे म्हणतात तसं सीएचबीवर, नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते. जितके तास घ्याल तितके पैसे. दिवाळी, उन्हाळा, परीक्षा, मोर्चा, अतिवृष्टी, या दिवसांचे पैसे नाहीत. कार्यभार पूर्णवेळ शिक्षकाच्या निम्माच देतात, पण प्रत्यक्षात तुम्ही दिवसभर कॉलेजात असता. हजेरीपत्रक, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, परीक्षेचं पर्यवेक्षण, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं हे सगळं नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. बिल सहसंचालक कार्यालयात जातं आणि अनुदान आल्यावर निघतं. मध्ये काही महिने सहज जातात.

म्हणून पहिली गोष्ट, घरच्यांना खरं सांगा. गावात "पोरगं प्राध्यापक झालं" म्हणून पेढे वाटले जातात आणि सोयरीक घेऊन येणारे पगार विचारतात. आकडा लपवून ठेवला की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. दुसरं, उत्पन्नाचं आणखी एक साधन ठेवा. शिकवण्या, मुद्रितशोधन, भाषांतर, आकाशवाणीचे कार्यक्रम, जे जमेल ते. छत्रपती संभाजीनगर आणि परभणीच्या आकाशवाणी केंद्रांवरून काव्यवाचनाला मानधन मिळतं. तिसरं, आपण घेतलेल्या तासांची स्वतःची वही ठेवा. तारीख, वर्ग, घटक, विभागप्रमुखांची सही. बिलात तास कमी दाखवले गेले तर तुमच्याकडं दाखवायला काहीतरी हवं.

आणि एक गोष्ट स्वतःशी ठरवून टाका: किती वर्षं? मी कुणाला आकडा सांगत नाही, घरची परिस्थिती प्रत्येकाची वेगळी. पण "पुढच्या वर्षी भरती निघेल" या आशेवर चाळिशी गाठलेली हुशार माणसं मी बघितली आहेत. कनिष्ठ महाविद्यालय, बीएड करून शाळा, स्पर्धा परीक्षा हे दरवाजे वयाबरोबर बंद होत जातात. कवितेला प्राध्यापकीच लागते असं कुठं आहे? ना. धों. महानोर शेती करत होते.

६. जाहिरात, अर्ज, मुलाखत

पद भरायला शासनाची मंजुरी, बिंदुनामावलीची (कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला, या नोंदवहीची) तपासणी, विद्यापीठाकडून जाहिरातीचा मसुदा मंजूर होणं, इतक्या पायऱ्या असतात. मग वर्तमानपत्रात जाहिरात येते, आणि कधीकधी अशा आवृत्तीत येते की तुमच्या गावात तो पेपर पोचतच नाही. चार-पाच मित्रांनी मिळून जिल्हे वाटून घ्या आणि एकमेकांना फोटो पाठवा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही नजर ठेवा.

जाहिरातीत तीन गोष्टी बघायच्या. पद कुठल्या प्रवर्गाचं, पद अनुदानित का विनाअनुदानित, आणि कुठल्या नियमांनुसार भरती. राखीव प्रवर्गाच्या उमेदवारांना बहुधा अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या विशेष कक्षाकडंही पाठवायला सांगतात. अर्ज स्पीड पोस्टानं टाका आणि पावती जपा. हातोहात दिला तर आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

छाननीचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते असतात. आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे निवड मुलाखतीवर होते, आणि नको त्या गोष्टी इथंच शिरतात. "संस्थेच्या विकासनिधीसाठी काही बघा" असं सूचकपणे सांगणारा माणूस मुलाखतीच्या आधी भेटतो. तो संस्थाचालक नसतो. तो कुणाचा तरी मेहुणा असतो. आकडा ऐकून बाप जमिनीचा तुकडा काढायला निघतो. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. हा व्यवहार बेकायदा आहे, त्याची पावती नसते, आणि नेमणुकीला मान्यता मिळाली नाही तर पैसे मागायला तोंड नसतं. सगळीकडं असंच चालतं हेही खोटं आहे. गुणवत्तेवर लागलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना वेळ लागला एवढंच.

मुलाखतीची तयारी अशी करा. समितीत विषयतज्ज्ञ असतात, ते प्रबंधाचा विषय, एखादी वाङ्मयीन संकल्पना आणि नव्या अभ्यासक्रमातला एखादा पेपर विचारतात. नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांत आलंय. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), क्रेडिट (श्रेयांक) ही भाषा यायलाच हवी. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे निकष काय होते हेही विचारतात. फळ्यावर काही लिहायला सांगितलं तर शुद्धलेखन सांभाळा.

अर्जात कवितासंग्रहाचा उल्लेख असेल तर कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणा बरं एखादी." इथं भले भले घसरतात. एकजण उठून उभा राहिला, घसा साफ केला आणि कविसंमेलनातली लांबलचक कविता हातवारे करत म्हटली. समितीतल्या एका बाईंनी घड्याळाकडं बघितलं, ते फक्त त्यालाच दिसलं नाही. बसूनच म्हणा, सात-आठ ओळींची म्हणा आणि थांबा. पुढं त्यांनी विचारलं तर दुसऱ्याच्या कवितेबद्दल बोला. त्यांना शिक्षक निवडायचा आहे.

७. रुजू झाल्यावर

निवड झाली की विद्यापीठाची वैयक्तिक मान्यता, सहसंचालकांची वेतननिश्चिती आणि सेवार्थ या शासनाच्या पगार-प्रणालीत नोंद, या क्रमानं कागद फिरतो. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, त्यावर महागाई आणि घरभाडे भत्ता. १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, तेव्हा पहिल्या पगारापासून बचतीचं बघा. सेवापुस्तक वर्षातून एकदा स्वतः उघडून वाचा. इंडक्शन आणि रिफ्रेशर हे शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण कोर्स वेळेत करा. राहिले तर पदोन्नती अडते आणि त्याचा फटका निवृत्तीपर्यंत बसतो.

आठवड्याला सोळा तास शिकवायचे असतात. हे झालं कागदावर. मराठीवाल्याच्या वाट्याला त्याशिवाय जे येतं ते कुठल्याच परिपत्रकात नाही: निमंत्रणपत्रिकेचा मजकूर, वार्षिकांकाचं संपादन, सूत्रसंचालन, वर्तमानपत्राला बातमी, श्रद्धांजलीचा ठराव, मानपत्र. त्यात तुम्ही कवी आहात हे कळलं की संस्थाचालकांच्या वाढदिवसाला गौरवगीताची फर्माईश येते. मानपत्र लिहून द्या, ते कामाचा भाग समजा. गौरवगीताला मात्र पहिल्या वर्षीच हसत नाही म्हणा. एकदा लिहिलंत की दरवर्षीचं झालं, आणि पुढं चिरंजीवांचाही वाढदिवस येतो.

मे-जूनमध्ये प्रवेशासाठी गावोगाव फिरावं लागतं. बारावीची यादी घेऊन दोघातिघांनी मोटारसायकलवर निघायचं, पारावर बसायचं, पालकांना समजवायचं. पुष्कळांना यात कमीपणा वाटतो. पण विद्यार्थी घटले की कार्यभार घटतो आणि पद अतिरिक्त ठरतं, हे लक्षात घ्या. शिवाय मूल कुठल्या घरातून येतं हे त्याच वेळी दिसतं.

८. वर्गात काय वाट बघतं

सोयाबीन काढणीला वर्ग अर्धा होतो. दिवाळीनंतर बीड, धाराशिवकडच्या कॉलेजांत आणखी पातळ होतो, कारण ऊसतोड सुरू झालेली असते. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कारखान्याला जातात, कुणाची मुलं बरोबर, कुणाची आजीजवळ. हजेरी कमी म्हणून नोटीस काढण्याआधी कारण विचारा. माझ्याकडं प्रथम वर्षाच्या एका मुलानं निबंधात लिहिलं होतं, "आईबाप कोयत्यावर, मी रूमवर." तपासणाऱ्यानं लाल शाईनं शेरा मारला होता, "वाक्य अपूर्ण". मी त्या मुलाला बोलावून तेच वाक्य वर्गात वाचायला लावलं. पुढचा तासभर कवितेतल्या गाळलेल्या क्रियापदावर बोलणं झालं आणि मुलं पहिल्यांदा वाद घालताना दिसली.

पोरं वर्गात "येऊलालो", "करायलो" बोलतात. त्यांना हसू नका, हसू देऊ नका. परीक्षेत प्रमाण भाषा लिहायला शिकवा, कारण गुण तिलाच आहेत. वहीत घरची बोली लिहायला सांगा. अभ्यासक्रमातली कविता शिकवताना आधी दोनदा मोठ्यानं वाचा, मग अर्थ. गाईडमधला सारांश फळ्यावर उतरवणं सोपं असतं, पण मुलं ते गाईड विकतच घेऊन आलेली असतात.

वर्षातून एकदा सहल अजिंठ्याला न नेता अंबाजोगाईला न्या. दासोपंतांची पासोडी, म्हणजे कापडावर लिहिलेला ग्रंथ, याच गावातला. माणूस कापडावर का लिहीत बसला असेल, या एका प्रश्नावर मुलांना दिवसभर बोलतं ठेवता येतं.

९. कवितेचं खातं

कवितेसाठी वेळ वेगळा काढावा लागतो. पेपर तपासणीच्या आणि नॅकच्या महिन्यांत काही सुचत नाही, ते मान्य करून टाका. मी पहाटेचा वेळ ठेवलाय, तुम्ही एसटीतला ठेवा.

पाठवायचं कुठं? आपल्या मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' आहे, धुळ्याचं 'कविता-रती' कवितेसाठीच निघतं, शिवाय वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक. एका वेळी चार-पाच कविता पाठवा, एकच कविता चार ठिकाणी नको. दिवाळी अंकाचं साहित्य उन्हाळ्यातच द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर संपादकांना रोज "सर, वाचली का?" विचारू नका.

कविसंमेलनाला जाताना किरकोळ रजा टाका. काव्यवाचनासाठी कर्तव्य रजा मागून प्राचार्यांना अडचणीत आणू नका. मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च फोनवरच विचारून घ्या, आयोजक गृहीत धरतात की कवी जेवणावर खूश असतो. टाळ्यांच्या कविता आणि वहीतल्या कविता हळूहळू वेगळ्या होऊ लागतात. मंचावर चाललेलीच कविता पुन्हा पुन्हा लिहू लागलात, तर एक-दोन हंगाम निमंत्रणं नाकारा.

पुस्तकाच्या वाटेवरचे सापळे हे:

- 'प्रातिनिधिक कवितासंग्रह' : प्रत्येक कवीकडून पैसे आणि प्रती घेण्याची सक्ती. दूर राहा.
- प्रवेशशुल्क घेऊन दिले जाणारे पुरस्कार. ट्रॉफी तुमच्याच पैशाची असते.
- "आयएसबीएनचे वेगळे पैसे" मागणारा प्रकाशक. भारतात हा क्रमांक राजा राममोहन राय संस्थेकडून मोफत मिळतो.
- तोंडी करार. प्रती किती, हक्क कुणाकडं, मानधन काय, पुढच्या आवृत्तीचं काय, हे कागदावर हवं.

पहिलं पुस्तक असेल तर पदरचे पैसे घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेला हस्तलिखित पाठवा. मंडळ जाहीर आवाहन करतं, हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासून घेतं आणि निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान देतं. वेळ लागतो. तोवर संग्रहातल्या निम्म्या कविता तुम्हीच काढून टाकाल, तोही फायदाच.

पुस्तक आल्यावर एक प्रत प्राचार्यांना, एक ग्रंथालयात दाखल क्रमांक टाकून, आणि समीक्षेसाठी मोजक्या नियतकालिकांना. विद्यार्थ्यांना मात्र ते विकू नका. अंतर्गत गुण तुमच्या हातात असताना "घ्यायचं असेल तर घ्या" या बोलण्याचा अर्थ मुलं वेगळा लावतात, आणि कुणाच्या तरी खोलीभाड्यातून तुमच्या कवितेचे दीडशे रुपये जातात.